कुजलेलं नुस्तं (मासळी) कोंबड्यांनाही चालत नाही
"कुजलं तरी काय, शेवटी कोंबडीखाद्यालाच जायचंय," हे मडगावच्या बाजारात वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चूक! बांगड्याची डोकी, आतडी उन्हात पडली की त्यात हिस्टामिन हे रसायन वाढतं. पुढे वाळवताना उष्णता जास्त झाली तर त्यापासून जिझेरोसिन नावाचं विषारी द्रव्य बनतं आणि कोंबडीच्या पोटातल्या, दाणे दळणाऱ्या पिशवीला जखमा होतात. म्हणून कल्ले लाल असतानाच टोपलीत बर्फ घाला.

बर्फ परवडत नसेल, तर सगळं बारीक करून वजनाच्या सुमारे ३ टक्के फॉर्मिक आम्ल मिसळा. (हे फॉर्मेलिन नव्हे; २०१८ मध्ये मासळीत ते रसायन सापडल्याच्या बातम्यांपासून गोव्यात त्या नावाचा धसका आहे.) पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आंबट) ४ च्या खाली गेला की कुजणं थांबतं. मग आतड्यांतलीच पाचकद्रव्यं काही दिवसांत त्याचा पातळ, प्रथिनयुक्त लगदा करतात. आम्ल भाजतं, हातमोजे घालाच.