आयएमजी टॅग

वेबपानात चित्र बसवण्यासाठी एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या संकेतभाषेत वापरला जाणारा टॅग, म्हणजे ब्राउझरला सूचना देणारी खूण. चित्र पानाच्या फाइलमध्ये साठवलेले नसते. टॅगच्या ‘एसआरसी’ या गुणधर्मात त्याचा पत्ता असतो आणि ब्राउझर तेथून ते वेगळे मागवून घेतो.

*उगम* : टॅगचे श्रेय सामान्यतः मार्क अँड्रीसन यांना देतात. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात मोझेइक ब्राउझरवर काम करत असताना २५ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांनी त्याचा प्रस्ताव ई-मेलने इतर वेबकर्त्यांपुढे ठेवला. कल्पना मात्र त्यांच्या एकट्याची नव्हती. मिडास ब्राउझरचे कर्ते टोनी जॉन्सन यांनी आपल्याकडे ‘आयकॉन’ नावाचा जवळजवळ असाच टॅग असल्याचे कळवले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या मनात दुव्याच्या ‘ए’ टॅगलाच जादा गुणधर्म जोडण्याची योजना होती. चित्र, ध्वनी अशा सर्व माध्यमांना पुरेल असा एकच टॅग असावा, असाही एक मतप्रवाह होता. चर्चेतून एकमत झाले नाही, पण मोझेइकमध्ये आयएमजी उतरला आणि ब्राउझरच्या प्रसाराबरोबर रुळला. अँड्रीसन यांनी तो रूढ केला, एवढे विधान निर्विवाद आहे. वेबवरचे पहिले छायाचित्र म्हणून सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेतील ‘ले ओरिब्ल सेर्नेत’ या गायिकांच्या चमूचे १९९२ मधील छायाचित्र दाखवले जाते. त्याला आरंभीच्या छायाचित्रांपैकी एक म्हणणे अधिक सुरक्षित.

*रचना* : टॅगला बंद करणारा जोडीदार नसतो. त्यामुळे चित्र न उघडल्यास दाखवायचा मजकूर टॅगच्या पोटात ठेवता येत नाही. तो ‘ऑल्ट’ गुणधर्मात साध्या अक्षरांत द्यावा लागतो, त्यात दुवा किंवा यादी चालत नाही. एचटीएमएल ३.० च्या १९९५ मधील मसुद्यातील ‘फिग’ टॅगमध्ये ही सोय होती. तो मसुदा बारगळला. तांत्रिकदृष्ट्या ती मांडणी सरस होती. ऑल्ट १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ऐच्छिक होता. डिसेंबर १९९७ च्या ४.० मध्ये आवश्यक ठरला. निव्वळ सजावटीच्या चित्राला रिकामा ऑल्ट देतात. गुणधर्मच गाळला, तर काही स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) फाइलचे नाव वाचून दाखवतात.

रुंदी व उंची दिल्यास चित्र येण्याआधीच जागा राखली जाते आणि खालचा मजकूर उडी मारत नाही. चित्र न दिसण्याचे एक नेहमीचे कारण पत्त्यातील अक्षरभेद : विंडोजच्या संगणकावर लहान-मोठ्या रोमन लिपीतील अक्षरांचा फरक सहसा खपून जातो, लिनक्स सर्व्हरवर जात नाही. कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत दिलेले ‘जेपीजी’ हे शेपूट पत्त्यात लहान लिहिले, की तुटलेल्या चित्राची खूण उमटते.

*देवनागरी* : युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत-पद्धती रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळांवर शीर्षके, कधी आख्खा मजकूरही, चित्र करून याच टॅगने चढवत. वाचकाकडे फॉन्ट नसला तरी ते दिसे, पण त्यातला शब्द शोधयंत्राला सापडत नसे. निमंत्रणपत्रिका आणि जाहीर सूचना आजही बहुधा अशाच चढवल्या जातात, ऑल्टशिवाय.