प्रादेशिक हवामान प्रारूपे आणि ठाणे-नवी मुंबईचा मोसमी पाऊस

प्रादेशिक हवामान प्रारूप : पृथ्वीच्या एखाद्या भागापुरते हवामान बारीक जाळीवर गणिताने मांडणारे संगणकीय प्रारूप, अभ्यासकांच्या बोलण्यात नुसते ‘मॉडेल’. जागतिक प्रारूपांतील जाळीचा चौकोन बहुधा शंभर किमीच्या आसपास असतो, तर यांतील 50, 25 किंवा त्याहूनही कमी किमीचा. प्रदेशाच्या कडांवरून आत येणारे वारे, बाष्प आणि तापमान मात्र जागतिक प्रारूपाकडून किंवा जुन्या निरीक्षणांवर बेतलेल्या पुनर्विश्लेषणातून उसने घेतात. उसन्या मालात खोट असली की ती आतही उतरते. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य वाराच दुबळा असेल, तर नुसती जाळी बारीक करून कोकणात पाऊस वाढत नाही.

दक्षिण आशियासाठी अशी गणिते ‘कॉर्डेक्स’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात झाली असून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. ढोबळ चित्र प्रारूपांना जमते: कोकणात धो धो, घाटाच्या पलीकडे पर्जन्यछाया. मध्य भारतात पाऊस कमी आणि डोंगरांच्या वाऱ्याकडील उतारांवर जास्त दाखवण्याची चूक मात्र अनेक प्रारूपांत आढळते. बंगालच्या उपसागरातून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे आणि पावसातले खंडही पुष्कळदा नीट उतरत नाहीत.

ठाणे-नवी मुंबईचा पट्टा म्हणजे या प्रारूपांची खरी परीक्षा. पश्चिमेला समुद्र, मध्ये खाडी, येऊरचे आणि पारसिकचे डोंगर, आणखी पूर्वेला सुमारे 800 मी. उंचीचे माथेरान व मागे सह्याद्रीची भिंत. 50 किमीच्या एका चौकोनात यातले बरेचसे मावते आणि सगळ्याची मिळून एकच सरासरी उंची धरली जाते. कडा जाऊन तिथे उतार येतो. मग वारा जिथे चढायला हवा तिथे चढत नाही आणि पाऊस भलतीकडे पडतो. ठाण्याला भिजत लोकलमध्ये चढून ऐरोलीच्या कोरड्या फलाटावर उतरलेल्या माणसाला एका चौकोनाला एकच आकडा देण्यातली अडचण वेगळी समजावायला नको. 26 जुलै 2005च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी नोंद झाली, तर वीस-पंचवीस किमीवरच्या कुलाब्याला 75 मिमीही नाही.

हंगामाची बेरीज जुळली म्हणजे प्रारूप बरोबर, हा समज सर्वांत फसवा. सांताक्रूझचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस सुमारे 2,300 मिमी. तो 122 दिवसांत सारखा वाटला तर रोज 19 मिमीच्या आत येतो. एखाद्या प्रारूपाने रोज तेवढाच पाऊस पाडला तर बेरजेत चूक शून्य. पण हवामान विभागाच्या मोजमापात ‘जोरदार’ ठरणारा, म्हणजे 64.5 मिमीच्या वरचा, एकही दिवस त्यात नसेल. हे उदाहरण टोकाचे असले तरी दुखणे खरे आहे: प्रारूपे रिमझिम फार वेळा पाडतात आणि झोडपणारा पाऊस कमी. कारण ढग चौकोनापेक्षा लहान. त्यांचे काम ठोकताळ्याच्या सूत्रांवर सोपवावे लागते. सूत्र बदलले की त्याच वाऱ्यांतून वेगळा पाऊस निघतो. चारेक किमीहून बारीक जाळीत मोठे गडगडाटी ढग थेट गणितात येतात, पण संगणकाचा खर्च अफाट वाढतो.

पडताळ्याची बाजूही निर्दोष नाही. पर्जन्यमापकातले पाणी सकाळी साडेआठला मापनपात्रात ओतून वाचतात; तो आकडा वीतभर तोंडाच्या नळकांड्याचा, आणि प्रारूपाचा आकडा शेकडो चौरस किमीचा. म्हणून केंद्रांच्या नोंदी आधी जाळीवर पसरवून मग तुलना करतात. घाटात केंद्रे विरळ असल्याने तिथे प्रारूप चुकले की नोंद, हे ठरवणे कठीण जाते.

नवी मुंबईत प्रश्न तासांचाही आहे. सिडकोने सखल भागांसाठी धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत जाते. सर भरतीला आली की ओहोटीला, यावर वाशी-बेलापूरचे रस्ते अवलंबून. दिवसाच्या बेरजेत ही वेळ दिसत नाही, आणि ठोकताळ्याच्या सूत्रांची प्रारूपे जमिनीवरचा पाऊस बहुधा वेळेआधीच, भर दुपारी पाडून मोकळी होतात.