साइडबोर्ड म्हणजे शोकेस नाही, ऑर्डर द्यायच्या आधी पाच मिनिटं हे वाचा

नमस्कार. नागपूरच्या लकडगंजात आमच्याकडे येणारे बरेच जण मोबाइलमधला फोटो दाखवतात आणि म्हणतात असाच साइडबोर्ड पाहिजे, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, वरती काचेचं शोकेस किती उंच करता येईल जी? करता येतं, आम्ही करूनही देतो. पण हे फर्निचर आलं कुठून आणि कशासाठी झालं ते आधी कळलं तर पैसे योग्य जागी लागतील असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून हा कागद.

नावातच सगळं आहे, साइडला ठेवलेला बोर्ड म्हणजे फळी. युरोपात जुन्या काळी जेवणाच्या दालनात भिंतीशी एक साधं टेबल असायचं, त्यावर भांडी ठेवायची आणि तिथून वाढायचं, बस. इटलीत याला क्रेडेन्झा म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ भरवसा, कारण मालकाच्या पानात पडायच्या आधी नोकर तिथे अन्न चाखून बघायचा, विष तर नाही ना म्हणून. आपल्याकडे पंगत होती, पाट होते, वाढणारा भांडं हातात घेऊन फिरायचा आणि ठेवायला भिंतीतलं फडताळ नाहीतर जाळीचं दुभत्याचं कपाट असायचं, त्यामुळे असल्या टेबलाची गरजच पडली नाही. आता डायनिंग टेबल आलं आणि गरजही आली.

खरी मजा इंग्लंडमधे अठराव्या शतकात झाली. १७५४ मधे चिपेंडेल नावाच्या लंडनच्या फर्निचरवाल्याने आपल्या नमुन्यांचं पुस्तक छापलं, त्यात साइड टेबलं आहेत पण त्यांना ड्रॉवर नाहीत. मग १७६० च्या दशकात रॉबर्ट अॅडम नावाच्या आर्किटेक्टने टेबलाच्या दोन्ही बाजूंना छोटी उभी कपाटं आणि त्यांच्यावर कलश बसवले, एका कपाटाला आतून पत्रा मारून ताटल्या गरम ठेवायची सोय, कलशात पाणी. तिथल्या मोठ्या हवेल्यांमधे स्वयंपाकघर जेवणघरापासून लांब असायचं आणि जेवण येईपर्यंत गार व्हायचं म्हणून हा सगळा खटाटोप. पुढे हे तिन्ही तुकडे जोडून एकच वस्तू झाली. हेपलव्हाइट हा लंडनचा फर्निचरवाला, त्याचं पुस्तक तो गेल्यावर १७८८ मधे त्याच्या बायकोने छापलं, त्यात उजव्या ड्रॉवरमधे नऊ बाटल्यांचे कप्पे आणि डाव्या ड्रॉवरचे दोन भाग, मागचा हिरवं कापड लावलेला चांदीच्या भांड्यांसाठी आणि पुढच्या भागाला शिशाचा पत्रा, त्यात पाणी भरून तिथेच ग्लास धुवायचे आणि घाण पाणी सोडायला खाली बूचसुद्धा! म्हणजे ड्रॉवरमधे सिंक. आजही कोणी ड्रॉवरचे कप्पे नीट सांगून करून घेतलं की आम्हाला हाच माणूस आठवतो. पुढचा भाग नागमोडी किंवा फुगीर, पाय बारीक, मागे पितळी दांडी आणि तिला पडदा म्हणजे भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत, ही सगळी त्याच काळातली स्टाइल. अमेरिकेच्या दक्षिणेत उंच पायांचा एक प्रकार झाला, हंट बोर्ड, शिकारीवरून आलेल्यांनी उभ्याउभ्या खावं म्हणून. बुफेला तोच बरा.

व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया राणीच्या वेळी, मात्र साइडबोर्ड फुगला. मागे मोठा आरसा, कोरीव फळं, शिकारीचे प्राणी, वरती फळ्यांवर फळ्या. कोरीव काम अफाट, ते करणाऱ्या हातांना आम्ही नमस्कारच करू, पण वाढायला मोकळी जागाच राहिली नाही आणि आज लोक शोकेस मागतात ते इथूनच आलेलं आहे. त्याच काळात १८६७ च्या सुमारास गॉडविन नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने काळ्या रंगाचा, जपानी धाटणीचा, नुसत्या सरळ काड्यांसारखा एक साइडबोर्ड केला, तो बघितला तर कालच बनवलाय असं वाटतं.

मग १९५० च्या दशकात डेन्मार्कवाल्यांनी आणि इंग्लंडमधे १९५३ मधे सुरू झालेल्या जी-प्लॅनसारख्या ब्रँडनी लांब, बुटका, सरकत्या दारांचा साइडबोर्ड आणला. खोल्या छोट्या झाल्या होत्या, दार उघडलं की खुर्चीला आपटायचं, म्हणून सरकतं दार. आपल्या टू बीएचकेला हाच सगळ्यात जमतो असं आमचं मत आहे. आणि ही लाट बहुतेक कशाची तर सागवानाची, जे आशियातून जहाजाने तिकडे जायचं. आपण तर सागवानाच्या दारातच बसलोय, ज्याला बाजारात अजून सीपी टीक म्हणतात, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रोव्हिन्सेसचं, ज्याची राजधानी १८६१ पासून नागपूर होती. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरहून गेलेलं सागवान आहे आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांचं लाकूड बल्लारशाकडून गेलं. सागवानात नैसर्गिक तेल असतं म्हणून वाळवी सहसा लागत नाही.

आता कामाचं. डायनिंग टेबल ३० इंच असतं, साइडबोर्ड ३४ ते ३६ इंच ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही. साइडबोर्डची खोली, म्हणजे भिंतीकडून पुढे येणारं माप, १८ इंच, समोर खुर्ची ओढल्यावर माणूस जाईल इतकी वाट. स्टीलची ताटं जड असतात, ३ फुटांची फळी मधे आधार न देता केली तर ती पोट काढणारच, आम्ही पूर्वी एकदा ही चूक केली आणि पूर्ण फळी स्वखर्चाने बदलून दिली, तेव्हापासून मधे उभी पट्टी टाकल्याशिवाय माल बाहेर जात नाही. वरचा भाग मोकळा ठेवा हो. महालक्ष्म्यांच्या जेवणात सोळा भाज्यांची पातेली, कढी, आंबील, पुरण, हे ठेवायला जागा लागते, तेव्हा बाहुल्या उचलत बसाल का?

आणि एक, नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्री आणि त्यात कूलर, मग लगेच पावसाळा, लाकूड वाळतं आणि फुगतं. कूलरची ओली हवा थेट साइडबोर्डवर येऊ देऊ नका आणि भिंतीपासून दोन इंच लांब ठेवा. जुलै-ऑगस्टमधे ड्रॉवर अडकला तर लगेच मिस्त्री बोलावून रंधा मारू नका, दिवाळीपर्यंत थांबा, तो बहुतेक आपोआप सुटतो, आधीच रंधा मारला तर हिवाळ्यात खडखड वाजेल. तरीही अडकला तर आम्ही घरी येऊन बघतो.

ऑर्डर द्यायला येताना जेवणघराचं माप आणा आणि घरातलं सगळ्यात मोठं ताट सोबत घेऊन या, कप्पे आम्ही त्याच्यावरूनच पाडतो.