यू ओन्ली लिव्ह वन्स

यू ओन्ली लिव्ह वन्स : अमेरिकन गुन्हेगारी चित्रपट (१९३७, कृष्णधवल). दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, निर्माता वॉल्टर वेंगर, वितरण युनायटेड आर्टिस्ट्स. पटकथा जीन टाउन व ग्रॅहम बेकर यांची, छायाचित्रण लिऑन शॅमरॉय यांचे. हेन्री फोंडा आणि सिल्व्हिया सिडनी प्रमुख भूमिकांत आहेत. शिक्षा भोगून सुटलेला माणूस सरळ मार्गाने जगू पाहतो, हा विषय तीसच्या दशकात हॉलिवूडने वारंवार हाताळला; त्यांतला हा सर्वांत कडवट चित्रपट म्हणता येईल.

लांग मूळचे व्हिएन्नाचे. जर्मनीत नामांकित दिग्दर्शक झाल्यावर, नाझी सत्तेवर आले त्या १९३३ साली त्यांनी देश सोडला आणि पॅरिसमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. निरपराध माणसावर तुटून पडणाऱ्या जमावाविषयीचा ‘फ्युरी’ (१९३६) हा त्यांचा पहिला अमेरिकन चित्रपट; हा दुसरा.

एडी टेलर तीनदा तुरुंगात जाऊन आला आहे. चौथा गुन्हा शाबीत झाला तर जन्मठेप, हे त्याला पक्के ठाऊक आहे. गरीब आरोपींचे खटले लढवणाऱ्या सरकारी वकिलाच्या कचेरीत काम करणारी जोन त्याच्या सुटकेसाठी खटपट करते आणि तो बाहेर येताच त्याच्याशी लग्न करते. मधुचंद्राच्या रात्री तळ्याकाठी एडी तिला बेडकांविषयी सांगतो : जोडीतला एक मेला की दुसराही मरतो. त्याच रात्री खाणावळवाल्यांना गुन्हेकथांच्या मासिकात एडीचा फोटो सापडतो आणि नवदांपत्याला खोली रिकामी करायला सांगितले जाते. पुढे त्याची ट्रकचालकाची नोकरीही जाते. घर पाहायला गेल्यामुळे माल पोहोचवायला उशीर झाला, एवढेच निमित्त. विनवण्या करणाऱ्या एडीशी बोलतानाही मालक फोनवरच्या गप्पा थांबवत नाही.

यानंतर बँकेवरचा दरोडा येतो, आणि चित्रपटाची खरी करामत इथे आहे. मुसळधार पाऊस, अश्रुधुराचे लोट, दरोडेखोराच्या तोंडावर वायूरोधक मुखवटा. मोटारीच्या मागच्या खिडकीतून फक्त डोळे दिसतात. घटनास्थळी एडीच्या नावाची आद्याक्षरे असलेली हॅट सापडते. दरोडा त्याने घातला की नाही, हे लांग प्रेक्षकाला कळूच देत नाहीत. खाणावळवाल्यांवर चिडलेला प्रेक्षक आता स्वतःच एडीवर संशय घेऊ लागतो. नायकाला प्रथमपासून निर्दोष दाखवले असते, तर गोष्ट साधी कणवेची झाली असती.

जोनच्या भरवशावर एडी पोलिसांच्या स्वाधीन व्हायला तयार होतो आणि त्याला देहदंड होतो. निकालाचा प्रसंग न्यायालयात नाहीच, तो वर्तमानपत्राच्या कचेरीत घडतो. सुटका, ज्युरींचे मतभेद, दोषी, अशी तीन मुखपृष्ठे आधीच तयार आहेत, प्रत्येकावर एडीचा वेगळ्या मुद्रेचा फोटो. फोन येतो आणि संपादक त्यांतले एक पान निवडतो. मृत्युकोठडीच्या दृश्यात शॅमरॉय यांनी गजांच्या सावल्या जमिनीवर दूरवर पसरवल्या आहेत. लांग यांच्या जर्मन चित्रपटांची छाया इथे स्पष्ट दिसते.

शिक्षेच्या रात्री एडी पिस्तूल मिळवून डॉक्टरला ओलीस धरतो. तेवढ्यात लुटीची गाडी सापडते, आत खऱ्या दरोडेखोराचा मृतदेह असतो, आणि एडीच्या माफीची तार येते. धुक्यातून तुरुंगाधिकारी ओरडून सांगतो, ‘तू सुटलास.’ आयुष्यभर फसवल्या गेलेल्या एडीला हा डाव वाटतो. समजवायला पुढे आलेल्या फादर डोलन या पाद्र्यालाच तो गोळी घालतो. जो गुन्हा त्याने केला नव्हता त्यातून मोकळा होण्याच्या क्षणी तो खुनी ठरतो. हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, हे मान्य करावे लागते. तरी एडीचा अविश्वास मागच्या प्रत्येक प्रसंगातून वाढत आलेला असल्याने तो पटतो.

उरलेला भाग पळापळीचा. जोन बाळंत होते, मूल बहिणीच्या हवाली करते. दोघांच्या नावावर नको ते गुन्हे चढत जातात : पेट्रोल पंपावरचे नोकर गल्ल्यातली रोकड स्वतःच खिशात घालतात आणि टेलरने लुटल्याची खबर देतात. सरहद्दीजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी दोघेही मरतात. अखेरीस एडीला फादर डोलनचा आवाज ऐकू येतो : दारे उघडी आहेत. या धार्मिक शेवटाबद्दल समीक्षकांत मतभेद आहेत. काहींना तो उपरोध वाटतो, काहींना तडजोड.

बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो ही दरोडेखोर जोडी १९३४ साली लुइझियानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली होती. पळणाऱ्या प्रेमिकांच्या कथेवर तिची सावली आहे. लांग यांनी सिडनी यांनाच घेऊन शिक्षा भोगून सुटलेल्यांचा विषय लगेच १९३८ मध्ये ‘यू अँड मी’ मध्ये पुन्हा घेतला, मात्र विनोदी ढंगाने. त्यात दुकानाचा मालक पॅरोलवर सुटलेल्यांना मुद्दाम कामावर घेतो आणि नायिका फळ्यावर हिशेब मांडून चोरीचा धंदा तोट्याचा असल्याचे सिद्ध करते.