ट्रिव्हिअल आणि ट्रायफल

ट्रिव्हिअल आणि ट्रायफल : क्षुल्लकपणा दाखवणारे दोन इंग्रजी शब्द. पहिला विशेषण आहे. दुसरा मुळात नाम व क्रियापद असून त्यापासून ‘ट्रायफलिंग’ हे विशेषण झाले. हे विशेषण ट्रिव्हिअलच्या जागी बऱ्याचदा चालून जाते. दोहोंची सुरुवात सारखीच ऐकू येते, आणि शब्दकोशांत एकाचा अर्थ सांगताना दुसरा पुढे करण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे दोन्ही शब्द एकाच कुळातले असावेत असा समज होतो, पण तो बरोबर नाही. ट्रिव्हिअल लॅटिनमधून आला आणि त्याच्या पोटात रस्ता आहे. ट्रायफल जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या पोटात फसवणूक आहे.

आजच्या वापरातील फरक थोडक्यात असा : ट्रिव्हिअल हा दर्जाचा शब्द आहे, ट्रायफल हा मापाचा. जी गोष्ट कोणालाही जमते, कोठेही आढळते, जिच्यात वेगळे असे काही नाही, ती ट्रिव्हिअल. जी आकाराने, किमतीने वा परिणामाने फारच थोडी आहे, ती ट्रायफल. ‘अ ट्रायफल लेट’ म्हणजे ‘जरासा उशीर’. त्या उशिराने काही बिघडले की नाही, हे त्यात सांगितलेले नसते. दोन मिनिटांनी गाडी चुकलेला माणूसही आपल्या उशिराला ‘अ ट्रायफल’ म्हणू शकतो, पण ट्रिव्हिअल म्हणणार नाही. ही विभागणी सर्वच कोशकार इतकी ठळक करत नाहीत, आणि वृत्तपत्री इंग्रजीत ती पाळलीही जात नाही. तरी पुढे दिलेला दोन्ही शब्दांचा इतिहास तिला पोषक आहे.

ट्रिव्हिअलची व्युत्पत्ती : लॅटिनमध्ये ‘ट्रि’ म्हणजे तीन व ‘व्हिया’ म्हणजे वाट, तीन वाटा मिळतात ती जागा ‘ट्रिव्हियम’. कोकणात जिला तिठा म्हणतात आणि देशावर तिकटी, तीच ही जागा. हातखंब्याचा तिठा किंवा कोल्हापुरातील पापाची तिकटी डोळ्यांपुढे आणली तर रोमन ट्रिव्हियम समजायला अडचण पडू नये. ‘ट्रिव्हिआलिस’ म्हणजे अशा जागेचा, तिकटीवरचा. एवढ्यापर्यंत मतभेद नाही. ‘तिकटीवरचा’पासून ‘बिनमहत्त्वाचा’पर्यंत हा शब्द कोणत्या वाटेने आला, याबद्दल मात्र दोन मते आहेत.

पहिले मत शाळेकडे बोट दाखवते. मध्ययुगीन युरोपात शिक्षणाच्या सात विद्या मानल्या जात. व्याकरण, तर्क व वक्तृत्व या पहिल्या तिघींना मिळून ‘ट्रिव्हियम’ आणि अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या पुढच्या चौघींना ‘क्वाड्रिव्हियम’ असे नाव होते. पहिला टप्पा प्राथमिक, म्हणून त्यातले ज्ञान किरकोळ, म्हणून ट्रिव्हिअल म्हणजे किरकोळ, अशी ही मांडणी आहे. इंग्रजीतील पुरावा वरवर तिच्या बाजूचा दिसतो, कारण पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत प्रथम आढळतो तो याच शालेय अर्थाने. ‘क्षुल्लक’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शेक्सपिअरच्या काळात दिसू लागतो.

दुसरे मत थेट रस्त्याकडे जाते, आणि पुराव्यांचा कालक्रम पाहता तेच अधिक पटते. मध्ययुगीन ट्रिव्हियम अस्तित्वात येण्यापूर्वी कित्येक शतके ‘ट्रिव्हिआलिस’ला ‘सामान्य, बाजारू’ हा अर्थ आलेला होता. सम्राट ऑगस्टस जेवणाच्या वेळी सर्कशीतील ‘ट्रिव्हिआलिस’ खेळकऱ्यांना, म्हणजे आपल्याकडच्या डोंबाऱ्यांसारख्या रस्त्यावरच्या कलावंतांना, बोलावत असे, असे रोमन चरित्रकार स्वेटोनिअसने लिहिले आहे. रोमन कवी ज्युवेनालने सातव्या उपहासिकेत खऱ्या कवीचे लक्षण सांगताना, तो चालू नाण्यासारखे ‘ट्रिव्हिआलिस’ गाणे पाडत नाही, असे म्हटले. हे दोन्ही उल्लेख साधारणपणे इ. स. दुसऱ्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातले मानतात. चार विद्यांना क्वाड्रिव्हियम हे नाव सहाव्या शतकाच्या सुरुवातीस रोमन तत्त्वज्ञ बोएथिअसपासून मिळाले आणि त्याच्या जोडीचे ट्रिव्हियम बहुधा त्यानंतर, कॅरोलिंगियन काळात (आठवे-नववे शतक) रूढ झाले. अर्थात शाळेमुळे शब्दाला हलकेपणा आला असे म्हणायचे, तर तो हलकेपणा शाळेच्या आधीच कसा आला, हे सांगावे लागेल.

रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलिअनचा एक उल्लेख मात्र दोन्ही मतांना अडचणीचा आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिताना तो व्याकरणातील काही प्राथमिक बाबींना ‘ट्रिव्हिआलिस’ ज्ञान म्हणतो आणि त्यांची जोड अक्षरओळखीच्या शाळेशी घालतो. म्हणजे रस्ता आणि प्राथमिक शाळा यांची सांगड रोमन काळातच पडलेली होती. मध्ययुगाने ती नव्याने घातली असेल तर तिला आयती जागा मिळाली. पुढे १७७४ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या शालेय अधिनियमाने ऑस्ट्रियात सुरू झालेल्या प्राथमिक शाळांना ‘ट्रिव्हिआलशूले’ असेच नाव दिले गेले, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही.

रोमन बायका पाण्याला जाताना तिकटीवर गप्पा मारत, किंवा तेथे फलक लावून बारीकसारीक बातम्या दिल्या जात, म्हणून हा शब्द झाला, अशा गोष्टी हौसेने सांगितल्या जातात. त्यांना आधार नाही. तिकटीशी निगडित खरी गोष्ट याहून रंजक आहे. डायना देवीचे एक नाव ‘ट्रिव्हिया’ होते, आणि तिच्याशी एकरूप मानलेल्या ग्रीक हेकाटेसाठी अमावास्येच्या सुमारास तिठ्यावर अन्न ठेवीत. तिठ्यावरचा उतारा ओलांडू नये हे ज्याने लहानपणी ऐकले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. तीच जागा भुताखेतांची, देवीची आणि फुटकळ गप्पांचीही असू शकते. शब्दाने त्यातला एकच धागा पुढे नेला.

कोणता धागा न्यायचा, हे भाषेगणिक बदलते. फ्रेंचमध्ये ‘ट्रिव्हिअल’ विनोद म्हणजे क्षुल्लक नव्हे, तर अचकटविचकट विनोद, इटालियनमध्येही तसेच. मराठीत चार वाटांच्या जागेवरून ‘चव्हाट्यावर आणणे’ निघाले. येथे रस्त्याने गोष्ट हलकी होत नाही, उघडी पडते. इंग्रजीत चव्हाट्यावरचे ते बिनमहत्त्वाचे, मराठीत चव्हाट्यावर आले की भलतेच महत्त्वाचे.

ट्रायफलची व्युत्पत्ती : मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘त्रुफ्ल’ किंवा ‘त्रुफ’, अर्थ थट्टा, लबाडी. इटालियनमध्ये ‘त्रुफ्फा’ म्हणजे आजही फसवणूक. तेराव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजीत हा शब्द दिसतो तो पोकळ किंवा खोट्या गोष्टीसाठी. ‘कमी किमतीची वस्तू’ हा अर्थ त्याच शतकाच्या पुढच्या भागात आला असावा. फ्रेंच शब्दाच्या मागे काय आहे हे अनिश्चित आहे. जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल या महागड्या कवकाशी काहींनी त्याचा संबंध जोडला आहे. ध्वनी जुळतात, पण कवकापासून लबाडीपर्यंतचा अर्थाचा पूल कच्चा आहे.

मूळची थट्टा या शब्दातून पुरती गेली नाही. ‘टु ट्रायफल विथ’ म्हणजे एखाद्याच्या भावनांशी खेळणे. हे करायला माणूस लागतो. ट्रिव्हिअलला असे क्रियापद नाही. ‘ट्रिव्हिअलाइझ’ एकोणिसाव्या शतकात तयार झाले, तेही ‘महत्त्व कमी करून दाखवणे’ या वेगळ्या अर्थाने. शेक्सपिअरच्या ऑथेल्लो नाटकात खलनायक इयागो नायिकेचा पडलेला हातरुमाल आपल्या बायकोकडून हिसकावून घेतो तेव्हा हवेसारखे हलके ट्रायफलही मत्सरी माणसाला धर्मग्रंथाइतका भक्कम पुरावा वाटतात, असे स्वतःशी म्हणतो. त्या ठिकाणी ट्रिव्हिअल शोभला नसता. रुमाल सामान्य आहे असे इयागोला म्हणायचे नाही. तो वजनाने नगण्य आहे आणि त्याच्या हातात फसवणुकीचे साधन झाला आहे. शब्दाचा जुना आणि नवा अर्थ तेथे एकत्र आलेले आहेत.

ट्रायफल या गोड पदार्थाचे नाव याच शब्दावरून आले. १५८५ च्या एका इंग्रजी पाककृतीत तो साखर, आले व गुलाबपाणी घातलेली साय एवढाच आहे; भिजवलेली बिस्किटे आणि कस्टर्ड यांचे थर अठराव्या शतकाच्या मध्यावर आले. प्यूटर या कथिलप्रधान मिश्रधातूच्या एका प्रतीलाही हे नाव होते.

गणित व विज्ञान : येथे ट्रिव्हिअल हा पारिभाषिक शब्द आहे, ट्रायफल नाही. २क्ष + ३य = ० आणि ४क्ष + ६य = ० या समीकरणांना क्ष व य दोन्ही शून्य घेतले की उत्तर मिळते. शून्यावर येणाऱ्या अशा सगळ्याच समीकरणांना हे उत्तर लागू पडते, म्हणून ते ट्रिव्हिअल. क्ष = ३, य = −२ हे उत्तर मात्र या जोडीचे स्वतःचे आहे; ते नॉन-ट्रिव्हिअल. मराठी माध्यमाच्या पार्श्वभूमीचे प्राध्यापकही वर्गात ‘ट्रिव्हिअल सोल्यूशन’ असेच म्हणतात. रीमानच्या झीटा फलाची (फंक्शनची) −२, −४, −६ अशी सम ऋण संख्यांवरची शून्ये, म्हणजे जेथे त्याची किंमत शून्य होते त्या जागा, ट्रिव्हिअल म्हणवतात. ती अनंत आहेत. तरीही ट्रिव्हिअल, कारण ती कोठे पडतात हे आधीच कळते. हा शब्द मापाचा नाही याचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण. व्याख्यान देता देता ‘हे ट्रिव्हिअल आहे’ म्हणून थबकलेला, बाहेर जाऊन बराच वेळ विचार करून परतलेला आणि ‘हो, ट्रिव्हिअलच आहे’ म्हणून पुढे गेलेला गणितज्ञ हा या क्षेत्रातला जुना विनोद आहे. तो वेगवेगळ्या नावांवर सांगतात. संगणक अभियंते ‘नॉन-ट्रिव्हिअल’ म्हणतात तेव्हा कामाला काही आठवडे लागणार असे समजावे.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये वनस्पतींच्या लांबलचक वर्णनात्मक नावांशेजारी समासात एकेक सुटसुटीत शब्द छापला. त्याला तो ‘ट्रिव्हिअल नाव’ म्हणे. आंब्याच्या ‘मॅन्जिफेरा इंडिका’मधील ‘इंडिका’ हे असे नाव होय. रसायनशास्त्रात ट्रिव्हिअल नाव म्हणजे पद्धतशीर नसलेले, लोकांच्या तोंडचे नाव. कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेटला मोरचूद, अमोनियम क्लोराइडला नवसागर, बोरॅक्सला टाकणखार ही मराठीतील ट्रिव्हिअल नावेच. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करणाऱ्या द्राक्षबागायतदाराच्या दृष्टीने त्या नावात क्षुल्लक काही नाही. रोमन ‘सर्वांचे’ हा अर्थ या वापरात जवळजवळ शाबूत राहिला आहे.

‘ट्रिव्हिया’ हे अनेकवचनी रूप प्रश्नमंजूषेतील फुटकळ माहितीसाठी १९६० च्या दशकात अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या खेळांतून रुळले. १९७९ मध्ये माँट्रिऑल येथे कल्पिलेल्या ट्रिव्हिअल पर्सूट या पटावरील खेळाने ते घरोघरी नेले.

कायदा : ‘कायदा अतिक्षुद्र बाबींची दखल घेत नाही’ या लॅटिन वचनाच्या इंग्रजी भाषांतरात परंपरेने ‘ट्रायफल्स’ येतो. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ९५ मध्ये, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३ मध्ये, हेच तत्त्व आहे : सामान्य समजुतीचा व स्वभावाचा माणूस तक्रार करणार नाही इतकी अल्प हानी झाली असेल तर तो अपराध नव्हे. कलमाच्या इंग्रजी मजकुरात ट्रिव्हिअलही नाही आणि ट्रायफलही नाही, ‘स्लाइट’ आहे. मुंबईतील एका भांडणात एकाच्या रोखाने फेकलेली कागदांची फाइल एका महिलेच्या कोपराला लागून ओरखडा उठला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ च्या निकालात न्यायालयाने हे कलम लागू धरले आणि अशा अपराधांचे वर्णन करताना ‘ट्रिव्हिअल’ हा शब्द निवडला. ओरखड्याचे माप पाहिले तर ट्रायफल बसला असता. पण न्यायालयापुढचा प्रश्न फिर्याद कोणत्या दर्जाची, हा होता.

मराठी प्रतिशब्द : एकास एक जोडी लावता येत नाही. ‘किरकोळ’ ट्रायफलच्या जवळ जातो, कारण तो मापाचा आहे. घाऊकच्या विरुद्ध किरकोळ विक्री, आणि बातमीतले ‘दोघे किरकोळ जखमी’. ‘यःकश्चित’ ट्रिव्हिअलच्या जवळ आहे : मूळ संस्कृतात ‘जो कोणी’, म्हणजे तिकटीवर भेटणारा कोणीही. तिसरा इंग्रजी शब्द ‘पेटी’ फ्रेंचमधील ‘लहान’वरून आला व मनाचा कोतेपणा दाखवतो, त्याला मराठीत ‘क्षुद्र’ बसतो. कचेरीतील ‘पेटी कॅश’ मात्र भाषांतराविनाच रुळली आहे, कारण ती रोकड बहुधा एका पेटीतच असते.

‘क्षुल्लक’ हा ‘क्षुद्र’चाच प्राकृत वळणाचा अवतार मानला जातो. एकाच मुळातून निघून मराठीत क्षुद्र स्वभावाकडे वळला आणि क्षुल्लक गोष्टींकडे. इंग्रजी जोडीचा प्रवास याच्या उलट, दोन मुळांकडून एका अर्थाकडे झाला. ट्रिव्हिअलसाठी क्षुल्लक वापरण्यास हरकत नाही, पण दिगंबर जैन परंपरेत ‘क्षुल्लक’ ही मुनिपदाच्या खालची दीक्षेची पायरी आहे. लंगोटी व एक वस्त्र बाळगणाऱ्या या व्रतीला क्षुल्लक आणि केवळ लंगोटी बाळगणाऱ्याला ऐलक म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडील जैन घरांत ‘क्षुल्लकजी आले’ असे ऐकू आले, तर यजमान उठून उभे राहतात.