फील्ड ॲम्ब्युलन्स ही गाडी नव्हे हो!

खेड-मंडणगडकडे पेटाऱ्यातून आजोबांचं दुसऱ्या महायुद्धातलं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटतानाची नोंदवही) निघतं, त्यावर 'इंडियन फील्ड ॲम्ब्युलन्स' दिसतं आणि नातू खुशाल सांगतो, "आजा ब्रह्मदेशात ॲम्ब्युलन्स चालवायचा." दर मे महिन्यात हे ऐकून माझे कान किटले आहेत.

108 ची गाडी सगळ्यांना ठाऊक आहे. फोन करा, घाटात दरड नसेल तर येते. तिच्याबद्दल आणखी काय सांगायचं!

फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे अख्खं पथक. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच चालतं-फिरतं इस्पितळ. एका डिव्हिजनमागे, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीमागे, साधारण तीन पथकं, प्रत्येकावर लेफ्टनंट कर्नल हुद्द्याचा डॉक्टर. हाताखाली डॉक्टर, नर्सिंग शिपाई, स्ट्रेचरवाले, स्वयंपाकी, पाणके. पुढे लढणाऱ्या बटालियनकडून आलेला जखमी ड्रेसिंग स्टेशनात घ्यायचा, रक्त थांबवायचं, मोडलेला पाय फळीला बांधायचा, मॉर्फिन टोचायचं, कुणाला आधी मागे धाडायचं ते ठरवायचं. मोठी शस्त्रक्रिया शक्यतो मागच्या कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशनात. सैन्य हललं की यांचेही तंबू गुंडाळले. म्हणजे आजा ॲम्ब्युलन्स चालवत नव्हता, ॲम्ब्युलन्सच आजासकट चालत होती.

ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडल्या आराकानच्या चिखलात बऱ्याच ठिकाणी चाक जाईच ना. मग चौघांच्या खांद्यावर स्ट्रेचर, नाहीतर खेचर. आपल्या धनगरवाड्यावरून आजाऱ्याला डोलीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणतात ना, तसंच. फक्त वरून गोळ्या. आणि पथक मागे सुरक्षित असे म्हणता, तर फेब्रुवारी 1944 मध्ये तिथल्याच 'ॲडमिन बॉक्स'च्या, म्हणजे सैन्याच्या रसद-तळाच्या, लढाईत जपान्यांनी मेन ड्रेसिंग स्टेशनच ताब्यात घेतलं आणि डॉक्टरांसकट रुग्णांना मारलं.

 आणि जखमींपेक्षा आजारीच जास्त: 1943 मध्ये एका जखमीमागे 120 आजारी मागे पाठवावे लागत, असं ब्रह्मदेशातल्या फौजेचे सेनापती जनरल स्लिम यांनीच लिहून ठेवलंय. मलेरियावर रोज मेपाक्रिनची गोळी सक्तीची. तिनं कातडी पिवळी पडे. "आजाला तिकडे कावीळ झालेली" ही घरोघरची कथाही जरा तपासून घ्या.

बुकात 'ॲम्ब्युलन्स शिपाई' असेल तर तो स्ट्रेचर उचलणारा. गाडीची गोष्ट सांगायची हौसच असेल, तर आधी 'ड्रायव्हर' हा शब्द शोधून दाखवा.