गोळीला झालेला उशीर

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहून मी भाचीला विचारलं, इथं पन्नास मीटरवर टार्गेट लावलं तर नेम किती बाजूला धरशील, तर ती बराच वेळ नुसती गवताकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, मामा, वारं एकसारखं नाहीये, मी आत्ता गोळीच सोडणार नाही. ती सांगलीत शिकते, पॉइंट टू टू, म्हणजे 0.22 इंची नळीची रायफल चालवते. मला तोवर वाटायचं की नेमबाजी म्हणजे सगळं डोळा आणि हात. त्या दिवसापासून मी यातलं विज्ञान वाचायला लागलो आणि आता ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी सोपं घेऊ. पॉइंट टू टूची गोळी असते अडीच ग्रॅमच्या थोडी वर, सुटते सेकंदाला साधारण 325 मीटर वेगानं, म्हणजे 50 मीटरला तिला 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती जवळजवळ 12 सेंटीमीटर खाली येते. आणि टार्गेटवरचं मधलं दहा गुणांचं वर्तुळ किती, तर 10.4 मिलिमीटर! म्हणून नळी कायम किंचित वर रोखलेली असते, आणि ती किती वर ते मागची साईट, म्हणजे नेम धरताना जिच्यातनं बघायचं ती, ठरवते. इथं दहावीतले समरूप त्रिकोण कामाला येतात बघा. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये 75 सेंटीमीटर अंतर धरलं आणि मागची साईट फक्त 0.1 मिलिमीटर सरकवली तर 50 मीटरवर गोळी 6.7 मिलिमीटर सरकते, आणि 300 मीटरवर तेवढ्याच सरकवण्यानं 4 सेंटीमीटर. साईटच्या बटणाचे क्लिक म्हणजे हेच बारीक बारीक सरकवणं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं ते याच मापात.

पण क्लिक कुठल्या चुकीला उपयोगी पडतो? जी चूक प्रत्येक गोळीला सारखीच होते तिला. गुरुत्वाकर्षण रोज सारखंच, त्यामुळं ते एकदा सेट केलं की झालं. वारं तसं नाही.

वाऱ्याबद्दल माझाच मोठा गैरसमज होता. मला वाटायचं गोळी जितका वेळ हवेत तितका वेळ वारा तिला ढकलणार. तसं नसतं. बाईकवर पुण्याला जाताना उभा पाऊससुद्धा तोंडावर येतो ना, तसं गोळीला बाजूचा वारा समोरूनच पण थोडा तिरका लागतो, आणि गरगर फिरणारी गोळी आपलं नाक त्या तिरक्या वाऱ्याकडं वळवून घेते. मग हवा तिला मागं ओढते ती पण थोडी तिरकीच, आणि तेवढीच ती बाजूला जाते. म्हणजे हवा नसती तर गोळीला जितका वेळ लागला असता त्याच्यापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त लागला, तो उशीर मोजायचा आणि वाऱ्याच्या वेगानं गुणायचा, बास. 50 मीटरला हा उशीर असतो साधारण 0.006 सेकंद. वारा आडवा, सेकंदाला 4 मीटर असला तर गोळी 24 मिलिमीटर सरकली, आणि टार्गेटवर दोन वर्तुळांतलं अंतर 8 मिलिमीटर आहे, म्हणजे दहाच्या जागी सात, नाहीतर जेमतेम आठ.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते जी मला फार आवडते. पॉइंट टू टूच्या जास्त वेगाच्या गोळ्या वाऱ्यात कमी नाही तर जास्त भरकटतात. कारण आवाजाचा वेग ओलांडला की हवेची ओढ एकदम वाढते, गोळी लवकर पोचते खरी पण तिचा उशीर वाढलेला असतो. म्हणून मॅचच्या गोळ्या मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आतल्याच बनवतात.

आता लांबचं बघू. परदेशात पाल्मा नावाची स्पर्धा असते, 800, 900 आणि 1000 यार्डांवर, 1000 यार्ड म्हणजे 914 मीटर. गोळी 155 ग्रेनची. आपल्याकडं एक तोळा म्हणजे 180 ग्रेन, आणि तोळ्याच्या 96 गुंजा, त्यामुळं एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. विट्याकडची सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी हे वाचत असतील तर त्यांना या खेळाचं माप चटकन कळेल, सगळा हिशोब सोनाराच्या काट्याचाच आहे. ती गोळी सेकंदाला 900 मीटर वेगानं सुटून टार्गेटवर पोचायला जवळपास दीड सेकंद घेते, तेवढ्यात 9-10 मीटर खाली येते आणि उशीर होतो अर्ध्या सेकंदाच्या आसपास. म्हणजे तोच 4 मीटरचा वारा तिला 2 मीटर नेतो. दोन मीटर!

आणि इथंच हातानं भरलेल्या काडतुसाची गोष्ट येते. 9-10 मीटरची घसरण साईटनं भरून काढता येते, पण सगळ्या गोळ्या एकाच वेगानं सुटल्या तरच. एकीचा वेग सेकंदाला 10 मीटरनं कमी पडला तर ती टार्गेटवर वीस सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली लागते, आणि नेमबाजाला वाटतं हात हलला. म्हणून तिकडचे खेळाडू पुंगळ्या एका जातीच्या निवडतात, पुंगळीच्या तोंडाची गोळीवरची पकड सगळ्यांची सारखी करतात, गोळी सगळ्यांत सारख्याच खोलीवर बसवतात, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात आणि मग यंत्रावर वेग मोजून बघतात. जास्त जोर हा हेतूच नाही, सारखेपणा हा आहे. आपल्याकडं शस्त्र कायद्याप्रमाणं परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि पॉइंट टू टूचं काडतूस तर तसंही पुन्हा भरायचं नसतंच, त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत असतो. त्यामुळं आपले नेमबाज दुसरं करतात, वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकावेळी बनलेल्या खेपांच्या, गोळ्या आपल्या रायफलीतनं मारून बघतात आणि ज्या लॉटची भोकं टार्गेटवर सगळ्यात जवळजवळ पडतात तो साठवतात. मुळात शोध तोच, सारखेपणाचा.

बाकी बारीकसारीक पण आहे. 1000 यार्डांवर पृथ्वीचं फिरणंसुद्धा लागतं, साताऱ्याच्या अक्षांशावर गणित केलं तर गोळी उजवीकडं फक्त 3 सेंटीमीटर जाईल, पण तोंड पूर्वेला असेल तर 9 सेंटीमीटर वर लागेल. आणि महाबळेश्वरला हवा सांगलीपेक्षा विरळ, म्हणून तिथं उशीर कमी.

पण या सगळ्यापेक्षा वारं वाचणं अवघड. भाची रेंजवर झेंड्यांकडं बघते, आणि दुर्बीण टार्गेटच्या थोडी अलीकडं फोकस करून मृगजळ बघते. उन्हाळ्यात उसाच्या रानाकडेच्या डांबरी रस्त्यावर जे थरथरताना दिसतं तेच हे. वारा आडवा असला की ते ओढ्यासारखं एका बाजूला वाहतं, वारा जोरात असला की चपटं होतं, आणि वारा दिशा बदलायला लागला की वाहणं थांबून भांड्यातल्या पाण्यासारखं सरळ वर उकळायला लागतं. त्या क्षणी ती बोट ट्रिगरवरनं काढते, रायफल खांद्यावरनं खाली घेते आणि वाट बघते.